आधी तू खा

माझं वजन कशानं वाढलं, हे मला आजवर एकाही माणसानं विचारलेलं नाही. ते कमी कसं करायचं, हे मात्र सगळ्यांना तोंडपाठ आहे. पुण्याचे दीर रोज सकाळी मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवतात. त्यात एक सडपातळ बाई हिरव्यागार लॉनवर उभी राहून सांगते, की साठीनंतर स्वतःसाठी वेळ काढा, शांतपणे जेवा, घास नीट चावून खा. ज्यांच्या आईला मी सांभाळते, ते मला हे पाठवतात. व्हिडिओ पाठवण्याऐवजी आठ दिवस येऊन राहिले असते तर मी घास चावले असते, त्यांनी सांगितलं असतं तितक्या वेळा.

मी बासष्ट वर्षांची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे, निवृत्त होऊन चार वर्षं झाली. सिडकोत आमचं छोटं घर आहे. घरात मी, वाळूजच्या कंपनीतून निवृत्त झालेला नवरा आणि माझी अठ्ठ्याऐंशी वर्षांची सासू. सासूला मी आत्याबाई म्हणते. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली. निवृत्तीनंतर काय काय करायचं याची मी मोठी यादी केली होती. त्या यादीत आत्याबाईंचं नाव नव्हतं, हे मी इथं कबूल करते, कारण खोटं बोलायचं वय राहिलेलं नाही.

माझे गुडघे गेलेत. जिना उतरताना मी आडवी होऊन एकेक पायरी उतरते. क्रांती चौकाजवळच्या एका डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो बघितला आणि सांगितलं, ऑपरेशन करावं लागेल, पण आत्ता नाही. आधी दहा किलो वजन उतरवा, साखर आटोक्यात आणा, मग बोलू. नाही उतरलं तर? मी विचारलं. तर वर्षा-दोन वर्षांत वॉकर घ्यावा लागेल, ते म्हणाले, आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं. वॉकर मला नको होता. आत्याबाईंना पलंगावरून उचलून खुर्चीवर बसवायचं, खुर्चीवरून संडासला न्यायचं, हे सगळं माझ्या याच दोन गुडघ्यांवर चाललेलं होतं. ते बसले तर आमच्या घरात दोन पलंग लागणार आणि दुसऱ्या पलंगावरच्या बाईला उचलणार कोण, हा प्रश्न त्या डॉक्टरांना पडला नव्हता. माझ्या नवऱ्यालाही नव्हता.

आता वजन कशानं वाढलं ते सांगते.

तीन वर्षांपूर्वी आत्याबाई न्हाणीत घसरून पडल्या. हाड मोडलं नाही, पण पाय धरले ते धरलेच आणि हळूहळू डोकंही घसरायला लागलं. गोळ्या तोंडातून थुंकून टाकायच्या, उशीखाली दडवायच्या. त्यांच्या रक्तदाबाची काळजी माझ्या नवऱ्याला लागली. गोळी कुटून शिऱ्यात घाल, हे डोकं त्यांचं. कुटली मी, कारण खलबत्ता स्वयंपाकघरात असतो आणि स्वयंपाकघर माझं असतं. आत्याबाईंनी पहिला चमचा तोंडात घेतला आणि थांबल्या. डोकं गेलं असलं तरी जीभ कुठं जाते? भाजीत मीठ कुठल्या सुनेनं टाकलंय हे एका घासात ओळखणारी ती बाई.

"कडू लागतंय," त्या म्हणाल्या. "काय घातलंस गं याच्यात?"

काही नाही, मी म्हटलं. त्यांनी ताटली माझ्याकडं सरकवली.

"मग आधी तू खा."

मी खाल्लं. दोन चमचे, गोळीसकट. काही नाही हे पटवून द्यायला तेवढंच सुचलं. दुपारी मला भोवळ आली आणि मी ओट्याला धरून उभी राहिले. ती माझी चूक. गोळी कुटण्याची नव्हे, खाण्याची. गोळी कुटणं त्याच दिवशी बंद केलं, पण त्या दोन चमच्यांनी आमच्या घरात कायदा झाला. त्यानंतर आत्याबाई कशालाही तोंड लावेनात, मी आधी खाल्ल्याशिवाय. बाकी सगळं विसरल्या. स्वतःच्या मुलीचं नाव विसरल्या, आपण गावाकडं सोयगावला नाही, शहरात राहतो हे विसरल्या. हे एवढं काही त्या विसरल्या नाहीत.

बरं, जिभेला लावून चालत नाही. पूर्ण घास घ्यायचा. वरण-भात वेगळा, दूध-भाकरी वेगळी, केळ्याचा तुकडा वेगळा, पाणीसुद्धा वेगळं. मग तोंड उघडून दाखवायचं. मग त्या थांबतात. माझ्या चेहऱ्याकडं टक लावून बघत राहतात, चांगली पाच-सात मिनिटं, आणि मला काही होत नाही अशी खात्री पटली की तोंड उघडतात. तोवर भात गार होतो. गार भात त्यांना चालत नाही. गरम केला की तो नवा भात, म्हणजे नवा घास. मास्तरीण असल्यामुळे एक दिवस मी घास मोजले. चोवीस भरले. माझं स्वतःचं जेवण त्यात धरलेलं नाही.

आणि घासही कसले? आत्याबाईंचं वजन अडतीस किलो. त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय, तूप घाला, साय घाला, गूळ घाला, खाण्यात कसर करू नका. माझं वजन एक्याऐंशी. माझ्या डॉक्टरांनी सांगितलंय, तूप बंद, साय बंद, गोड तर बघायचंही नाही. दोन्ही हुकूम एकाच गॅसवर शिजतात आणि दोन्हींसाठी तोंड एकच, माझं. मी माझ्या ताटात ज्वारीची भाकरी आणि मेथीची कोरडी भाजी वाढून घेते आणि त्याच्या आधी तुपानं थबथबलेल्या शिऱ्याचा घास गिळते. घरी येणारे नातेवाईक मला बघून म्हणतात, निवृत्ती मानवली बरं का तुम्हाला, तब्येत छान सुधारली. तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मला सगळ्यात राग कशाचा येतो ते सांगू? लग्न होऊन मी सोयगावच्या घरात गेले तेव्हा तिथं बाईनं शेवटी जेवायची रीत होती. आधी सासरे आणि त्यांची मुलं, मग पोरंसोरं, मग आत्याबाई, आणि मग मी. मी दिवसभर शाळेत खडूची धूळ खाऊन यायचे आणि रात्री पातेल्याच्या बुडाशी जे चिकटलेलं असेल ते खरवडून खायचे. भाजी संपली असेल तर तिखट-तेल आणि भाकरी. सून आधी जेवली असं त्या घरात कधी घडलं नाही, मी पोटुशी होते तेव्हासुद्धा. एकदा शाळेतून उशिरा आले, घेरी येत होती म्हणून चुलीजवळच दोन घास खाल्ले तर आत्याबाई महिनाभर येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगत होत्या. त्याच बाईनं मला आता सगळ्यांच्या आधी जेवायला बसवलं. का, तर तिला वाटतं मी तिला विष घालीन.

हे मी नवऱ्याला बोलून दाखवलं, एकदा नाही, अनेकदा. ते म्हणायचे, आईचं डोकं ठिकाणावर नाही, तू कशाला मनावर घेतेस, आणि एका घासानं काय होतंय? पेपर वाचता वाचता म्हणायचे. एका घासानं काही होत नाही, हे खरं आहे. एक घास कुणाला सांगत होते ते?

शेवटी मी ठरवलं की चालायला जायचं. रोज सकाळी सहा ते सात. नुसतं ठरवून भागत नव्हतं, तो तास घरातून मिळवायचा होता. आठ दिवस भांडण चाललं. नवऱ्याचं म्हणणं, संध्याकाळी जा. संध्याकाळी आत्याबाई जास्त बिथरतात, हे त्यांना ठाऊक होतं. मग म्हणाले, गच्चीवर फेऱ्या मार, म्हणजे हाक मारता येईल. गच्चीवर जायला जिना आहे आणि मला जिन्याचाच त्रास आहे, हे मी त्यांना सांगितलं. पुण्याच्या दिरांना फोन गेला. दीर म्हणाले, वहिनी, चालणं उत्तमच, पण आईच्या नाश्त्याची वेळ तेवढी सांभाळा. मी म्हटलं, नाश्ता तुमचे दादा देतील. 

तर मी बूट घेतले. पांढरे, जाड तळव्याचे, नाडीचे. साडीखाली ते कसे दिसतात हे बघायचं मी सोडून दिलं. सोबत शेजारच्या आपा होत्या. आपा माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या, विधवा, साखरेच्या जुन्या दुखणेकरी आणि माझ्या दुप्पट वेगानं चालणाऱ्या. आम्ही जवळच्या मैदानाला फेऱ्या मारायचो. पहिल्या दिवशी अर्ध्या तासात मी तीनदा बाकावर बसले, पण घामानं पाठ भिजली तेव्हा मला रडू येईल असं वाटलं, इतकं बरं वाटलं. कित्येक महिन्यांत एवढा वेळ मला कुणी हाक मारली नव्हती.

घरी आले तर ताटलीवर ताटली झाकलेली. खाली शिरा, गार झालेला. आत्याबाई पलंगावर उपाशी बसलेल्या, नवरा खुर्चीत.

"माझ्या हातून खात नाही ती," ते म्हणाले. "किती प्रयत्न केला. तूच बघ बाई."

मी बूटही काढले नव्हते. शिरा गरम केला, घास घेतला, गिळला, तोंड उघडून दाखवलं. तासभर चालून जे काही जाळलं असेल ते पहिल्याच घासात भरून निघालं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मी चिडायचे, म्हणायचे तुम्ही नीट भरवत नसाल, घाई करत असाल. ते मान खाली घालून ऐकून घ्यायचे. भांडणात एरवी एक शब्द खाली पडू न देणारा हा माणूस गप्प बसतो याचं मला तेव्हा नवल वाटायला हवं होतं. मला वाटलं, लाज वाटत असेल.

महिनाभरानं डॉक्टरांकडं गेले. काट्यावर उभी राहिले तर वजन अर्धा किलो वाढलेलं. डॉक्टर तिशीतले, पोटाला पोट नाही. माझ्याकडं बघून हसले आणि म्हणाले, मावशी, चालणं चांगलं आहे, पण तोंडावर ताबा हवा. चोरून काही खाता का? तीस वर्षं मी पोरांना चोरी करू नका असं शिकवलं आणि हा पोरगा मला विचारतो चोरून खाता का. मी चोरून खात नाही हो, मी पुराव्यानिशी खाते, समोर साक्षीदार बसवून खाते, असं अगदी ओठांवर आलं होतं. सांगितलं असतं तर त्यांनी मला दुसऱ्याच डॉक्टरांकडं पाठवलं असतं. मी पिशवी उचलली आणि रिक्षात बसून घरी येईपर्यंत रडले.

दुसऱ्या दिवशी मैदानावर मी आपांना सगळं सांगितलं. घासांचं, शिऱ्याचं, डॉक्टरांचं. आपा चालायच्या थांबल्या. त्या कधी थांबत नाहीत.

"भाभी," त्या म्हणाल्या, "भाई कायकू नै चखते?"

मी म्हटलं, त्यांच्या हातून आई खात नाही.

"हातां की बात नै पूछी मैं. चखते कायकू नै?"

 दोन वर्षांत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. घास भरवायचा कुणी, एवढ्यावरच आम्ही भांडत होतो. घास आधी खायचा कुणी, हे जणू ठरलेलंच होतं. बाकी राहिलेल्या फेऱ्या मी कशाबशा मारल्या. घरी गेले की नवऱ्याला स्पष्ट सांगायचं असं ठरवलं, आणि गेल्यावर ताटलीवर ताटली बघून, भुकेलेली म्हातारी बघून पुन्हा घास घेऊन बसले. सांगायचं राहून गेलं.

मग तो पाण्याचा दिवस आला. आमच्या शहरात नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही. आठवडा कोरडा जातो आणि भलत्याच वेळी पाणी येतं. तेव्हा हातातलं सगळं टाकून मोटार लावायला पळावं लागतं. त्या सकाळी आमची दुसरीच फेरी चालली होती, तेवढ्यात आपांच्या सुनेचा फोन आला, पाणी आलंय. नवऱ्याला फोन केला असता, पण मोटारीचं बटण मागच्या बाजूला आहे आणि त्यांना ते नीट जमत नाही. आम्ही दोघी परत फिरलो. मी मागच्या दारानं आत आले, मोटार लावली आणि स्वयंपाकघरात शिरले. तिथून आत्याबाईंची खोली सरळ दिसते. मोटारीच्या आवाजात माझी चाहूल कुणाला लागली नाही.

नवरा पलंगाशेजारी बसले होते. हातात शिऱ्याची ताटली, चमचा भरलेला. तो त्यांनी आईपुढं धरला. आईनं मान हलवली. मग त्यांनी तो चमचा स्वतःच्या तोंडाकडं नेला. नेतात तर, माझ्या मनात आलं, बिचारे करतात तर खरं प्रयत्न. तेवढ्यात आत्याबाईंनी त्यांचं मनगट पकडलं. अडतीस किलोच्या बाईत एवढा जोर कुठून आला कोण जाणे. चमचा त्यांनी खाली दाबला.

"तू नको खाऊ रं बाबा," त्या म्हणाल्या. "त्यात काय असंल नसंल. ती येऊ दे. तिला खाऊ दे आधी."

आवाजात राग नव्हता, वेड नव्हतं. जुनं फडकं आधी वापर म्हणून सांगावं, इतक्या सहज त्या बोलल्या.

पण मी बघत होते नवऱ्याकडं. ते दचकले नाहीत. बरं आई, नाही खात, असं म्हणाले, चमचा ताटलीत ठेवला, वर दुसरी ताटली झाकली आणि घड्याळाकडं बघितलं. मी यायला किती वेळ आहे ते बघितलं. त्या हाताला ते सगळं सवयीचं होतं. पहिल्यांदा ऐकणाऱ्या माणसाचं ते वागणं नव्हतं.

मी दारात जाऊन उभी राहिले.

"हे रोजचं आहे का?"

ते उभे राहिले, पुन्हा बसले.  मग म्हणाले, "तुला सांगून काय केलं असतं? तुला वाईट वाटलं असतं."

"वाईट वाटू नये म्हणून झाकून ठेवत होतात?"

"ती आजारी आहे गं. तिला कळतं का काही?"

आत्याबाईंना कळतं की नाही, मला माहीत नाही. आजारी माणसावर रागावून उपयोग नसतो आणि मी त्यांच्यावर रागावले नव्हते. त्यांच्या डोक्यातून सगळं पुसलं गेलं होतं आणि मुलगा तेवढा राहिला होता. पण माझ्या नवऱ्याचं डोकं चांगलं शाबूत आहे. महिनाभर रोज सकाळी त्यांनी ते वाक्य कानांनी ऐकलं होतं. मला कशासाठी राखून ठेवलंय हे त्यांना माहीत होतं. आणि रोज सात वाजता त्यांनी ती ताटली माझ्यापुढं केली होती, मी घामेघूम दारात उभी असताना, आणि म्हटलं होतं, तूच बघ बाई. शिऱ्यात काही नाही हे त्यांना ठाऊक होतं, हे खरं. मग एक घास खायला त्यांना काय झालं होतं? आई रडेल, एवढंच ना?

"खा," मी म्हटलं. "तिच्यासमोर खा."

"ती रडेल."

"रडू दे."

त्यांनी झाकण काढलं. चमचा भरला. आत्याबाईंनी दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं आणि त्या रडायला लागल्या. माझ्या लेकराला काय झालं तर, असं म्हणत, मेलेल्या सासऱ्यांना हाका मारत रडायला लागल्या. नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मी पुढं होईन, चमचा घेईन, नेहमीसारखा घास गिळून मोकळी होईन असं त्यांना वाटलं असावं. मी हात पुढं केला नाही. चौकटीला धरून उभी राहिले.

त्यांनी खाल्लं. आत्याबाईंनी त्यांच्या गळ्यावरून हात फिरवला, पाठ चोळली, पाणी दिलं नाही म्हणून मला काहीतरी बोलल्या. त्यांच्या चेहऱ्याकडं बघत राहिल्या, माझ्याकडं बघतात तशाच, तितकाच वेळ. गालावरून पाणी वाहत होतं ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. मुलाला काही होत नाही हे पटल्यावर त्यांनी तोंड उघडलं आणि मुलाच्या हातून सगळा शिरा खाल्ला. दोन वर्षं, दिवसाला चोवीस घास, त्या माझ्याही चेहऱ्याकडं अशाच बघत बसायच्या. त्यातल्या एकाही घासाला त्यांच्या डोळ्यात पाणी आलेलं मी बघितलं नव्हतं.

मोटार बंद करून मी पुढच्या दारानं निघाले. आपा फाटकाशी थांबल्या होत्या. नवरा ताटली हातात घेऊन मागून दारापर्यंत आले. हळू आवाजात त्यांनी विचारलं, दुपारी तरी तू बसशील ना तिच्यापाशी?

"दुपारीही तुम्हीच बसा," मी म्हटलं. "तुमच्यासाठी रडायला माणूस आहे."